साम्यपुरात खेकडे नव्हते

सोमण सर गेले त्या दिवशी पेणहून दोन फोन आले. पहिला म्हणाला, "देवमाणूस गेला हो, म्हात्रेबाई." दुसऱ्याने देवमाणूस तर म्हटलंच, वर एक काम सांगितलं. सरांवर स्मरणिका निघतेय, तुम्ही त्यांच्याबरोबर शाळेत नोकरी केलीत, तेव्हा 'सरांच्या आदर्श समाजाचं स्वप्न' यावर चार शब्द लिहून द्या. मी नाही म्हटलं. मग आठ दिवस ते 'नाही' मला चावत राहिलं, आणि आज लिहायला बसले. हे स्मरणिकेत कोणी छापणार नाही, ते बरंच आहे.

मला हा माणूस आवडत नव्हता. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तो असताना बोलले नाही, म्हणून आता बोलते. त्याच्या एका पुस्तकापायी माझ्या वडिलांची शेती खाऱ्या पाण्याखाली गेली. ती कशी गेली हे त्याच पुस्तकात लिहिलं जावं, एवढंच वडिलांचं मागणं होतं. बाकी काही त्यांनी कधी मागितलं नाही.

सर पेणच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि मी गणित. मी नवीन लागले तेव्हा त्यांची पन्नाशी आली असेल. उंच, गोरे, खादीचा झब्बा, आणि बाराही महिने हातात छत्री. बोलताना डोळे मिटायची सवय. "कल्पना करा," असं म्हणून डोळे मिटले की पाऊण तास उघडत नसत. त्या पाऊण तासात समोरचा जांभया देतोय की उठून गेलाय हे त्यांना कधी कळलं नाही. माझ्या पहिल्याच आठवड्यात मी शिपायाला "पानी ठेव रे" म्हटलं, तर सर लगेच म्हणाले, "पाणी, म्हात्रेबाई. पाणी." आवाज इतका गोड की राग यायच्या आधी लाजच वाटली. राग पुढे यायचाच होता.

शनिवारी शाळा लवकर सुटली की सर शिक्षकांच्या खोलीत आपल्या कादंबरीचं वाचन करायचे. कादंबरीतल्या गावाचं नाव साम्यपूर. या गावात भिंती नाहीत, कुलपं नाहीत. 'माझं' हा शब्द मुलांना शिकवतच नाहीत. सकाळी घंटा झाली की सगळे गात गात शेतावर जातात, संध्याकाळी ओट्यावर बसून सत्य, न्याय आणि सौंदर्य यांवर चर्चा करतात. तीनशे पानांत भांडण नाही. तीनशे पानांत एकालाही सर्दी होत नाही. या जातीची पुस्तकं मी पुढे बरीच वाचली, हट्टाने वाचली. बहुतेकांत एक पाहुणा येतो, एक पिकल्या केसांचा गावकरी त्याला गाव दाखवत हिंडतो, पाहुणा पानोपानी 'वा' म्हणतो. संडास कुठे आहे, हे तो पाहुणा विचारत नाही.

पण खोटं कशाला सांगू, तेव्हा मीसुद्धा 'वा' म्हणायची. सरांचा आवाज तसा होता. खाडीकाठच्या खाऱ्या चिखलातून शिकून आलेली मी, आमच्या घरातली पहिली मास्तरीण. कोणीतरी इतकं स्वच्छ जग हातात आणून देतंय याचं मला अप्रूप होतं.

साम्यपुरात सगळ्यांची एकच पंगत असते. सरांनी ठरवलं की त्याची सुरुवात आपल्या शाळेपासून व्हावी. सगळे डबे मधल्या टेबलावर उघडायचे आणि सगळ्यांनी सगळ्यांतलं खायचं. पहिल्या दिवशी मी भाकरी आणि सुकटीची चटणी नेली होती. सरांनी नाकाला रुमाल लावला नाही, तेवढे ते सभ्य होते. ते नुसतं म्हणाले, "बाई, समान पंगत म्हटली की समान अन्न आलं. कोणा एकाला अडचण होईल असं आपण काही आणू नये." दुसऱ्या दिवसापासून मी आणि शिपाई विठू व्हरांड्यात बसून जेवायला लागलो. आत पंगत समान चालली होती. विठू म्हणाला, "बाई, साम्यपूर आत हाय. आपुन वेशीभाईर." मी हसले, कारण मला वाटलं विठू गंमत करतोय.

सोमणवहिनींची गाठ पडली ती त्यांच्या घरी. वाचन कधी कधी घरी व्हायचं. आठ-दहा माणसं माजघरात बसलेली, सर डोळे मिटून साम्यपुरातल्या स्त्रियांच्या स्वातंत्र्यावर वाचतायत, आणि वहिनी दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या, कारण मध्येच कप वाजलेले सरांना चालत नसत. चहा गार झाला की त्या आत जाऊन पुन्हा तापवून आणायच्या. एकदा मी कप विसळायला आत गेले, तर मला हळूच म्हणाल्या, "तुम्ही वाचलंयत ना हो सगळं? मला एक सांगा, तिथे भांडी कोण घासतं?"

मी घरी येऊन हस्तलिखित चाळलं. खरंच, कोणीच घासत नव्हतं. सगळे जेवून उठत आणि चर्चेला ओट्यावर जात. पानं तशीच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होते. पण कोरड्या पाषाणाला दिवसातून चार वेळा चहा लागतो, हे त्या घरी कळलं.

आता माझी चूक सांगते. सरांना मी आमच्या गावी नेलं.

आमचं गाव पेणहून खाडीच्या अंगाला. एका बाजूला मिठागरं, एका बाजूला भाताची शेतं, आणि शेतं नि खाडी यांच्या मधे मातीचा लांबलचक बांध. भरतीच्या वेळी बांधाबाहेरचं पाणी शेतापेक्षा उंच उभं असतं. बांध आहे तोवर गाव आहे. या बांधाचे घरटी वाटे पाडलेले होते. कोणाचा वाटा कुठून कुठवर, हे कळायला खुंट रोवलेले आणि खुंटावर घराचं नाव कोरलेलं. उधाण ओसरलं की प्रत्येक घरातलं एक माणूस आपल्या वाट्यावरून मान खाली घालून चालत जायचं. खेकड्यांची बिळं शोधायला. खेकडा बांधाला बोटाएवढं भोक पाडतो. पहिल्या भरतीला त्यातून नुसतं झिरपतं, चार भरत्यांनी ते मनगटाएवढं होतं, आणि मग एखाद्या उधाणाला बांधच फुटतो. त्याला आमच्याकडे खांड पडली म्हणतात. म्हणून बीळ दिसलं की चिखलाचा गोळा आत कोंबायचा आणि टाचेने ठोकून बसवायचा. ज्याच्या वाट्यात बीळ राहिलं, त्याचं नाव देवळातल्या बैठकीत सगळ्यांदेखत घेत. "अमक्याने खेकडा पोसलाय." शिक्षा एवढीच, पण त्या एका वाक्याला माणसं वाघाला घाबरावं तशी घाबरायची.

सर आले, बांधावरून छत्री टेकत चालले आणि हरखून गेले. "बाई, हे तर साम्यपूरच!" म्हणाले. माझी मान ताठ झाली. मग त्यांची नजर खुंटांवर गेली. हे काय, ते काय, विचारून झालं. संध्याकाळी देवळासमोर गाव जमलं. एवढा लेखक आपल्या गावात आलाय म्हणून पोरं लांबलांबून आली होती. सरांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "कल्पना करा, या बांधावर एकही नाव नाही. हा माझा, तो तुझा, हीच खरी खांड आहे, मित्रहो. ती तुमच्या मनात पडलीय. आणि भरसभेत माणसाचं नाव घेऊन त्याला लाजवायचं? ही रीत गुलामीची आहे. बांध सगळ्यांचा. उपटा ते खुंट!"

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर माझे वडील उभे राहिले. बाबांना अक्षरओळख सहीपुरती, बोलायची सवय नाही. म्हणाले, "सर, तुमी बोलतांव ता ऐकाया बरा हाय. पन खेकरा काय भाषान ऐकनार नाय. कोनाच्या वाट्यात बीळ हाय ता बगाया जानार कोन?"

सर हसले. "सगळे जातील."

"सगले म्हंजी कोन? नाव सांगा."

सर म्हणाले, "पाहा, पुन्हा नावच मागतायत!" आणि लोक हसले. बाबांना हसले. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनी वाजतगाजत खुंट उपटले. बाबा आमच्या खुंटापाशी उभे होते तोवर त्याला कोणी हात लावला नाही. दुपारी ते जेवायला घरी गेले. बांधावर तेवढा एकच खुंट उरला होता आणि सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. सर म्हणाले, "म्हात्रेबाई, सुरुवात आपल्या घरापासून करायची असते." मी पदर खोचला आणि खुंट उपटला. ओल्या मातीतून तो सहज निघाला. बाबांना मी सांगितलं की पोरांनी उपटला. त्यांनी तो शोधून आणला आणि परत होता तिथे रोवला. मला एका शब्दाने विचारलं नाही.

पहिलं वर्ष फार छान गेलं. सगळा गाव एकत्र बांधावर माती टाकायला गेला, गाणी म्हटली. सरांच्या कादंबरीत खास एक प्रकरण वाढलं, 'बांधावरचे लोक'. कादंबरी छापून आली, पेणमध्ये समारंभ झाला. सगळे मिळून करायचं काम सगळ्यांनी केलं. एकट्याने मान खाली घालून करायचं काम मात्र कोणी केलं नाही. उधाण ओसरल्यावर बांधावर बाबा दिसायचे, ते आपल्या वाट्यापुरते. पुढे गेले की लोक चिडवायचे, "काय काका, आमचं खेकरं मोजताव?" मग ते तिथूनच वळायचे.

दुसऱ्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली, त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला बांध गेला. भात लावून झालेलं होतं, रोपं हिरवीगार उभी होती. खांड पडली ती बाबांच्या वाट्यापासून पुष्कळ लांब. पूर्वी तो वाटा कोणाचा होता हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण आता ते म्हणायची सोय नव्हती. बुजवायला आधी कोण उतरणार यावर दोन दिवस नुसती बाचाबाची झाली. तेवढ्यात चार भरत्या येऊन गेल्या आणि खांड बैलगाडी आडवी जाईल एवढी रुंद झाली. बाबांचा वाटा शेवटपर्यंत शाबूत होता. त्याने काय होतं? पाणी शेजारून आत आलं. रोपं आधी पिवळी पडली, मग तांबडी, मग काळी.

खारं झालेलं शेत गोडं व्हायला तीन-चार चांगले पावसाळे जावे लागतात. बाबांनी दोन पाहिले. तिसऱ्या वर्षी, पन्नाशी उलटलेला माणूस, रोह्याजवळ धाटावला केमिकल कंपनीत हेल्पर म्हणून लागला. मी रोह्याच्या शाळेत बदलून गेले आणि आम्ही नदीपलीकडच्या अष्टमी गावात दोन खोल्या घेऊन राहू लागलो. बाबा शिफ्टवरून यायचे तेव्हा त्यांच्या कपड्यांना उग्र वास यायचा. ज्या माणसाला ओंजळभर चिखल हुंगून त्यात मीठ किती आहे ते सांगता यायचं, त्याला तिथे कुठल्याच वासाचा अर्थ लागत नव्हता. "नाक मेला गो बाय माजा," असं एकदा म्हणाले.

सर या सगळ्यात एकदाही गावाकडे फिरकले नाहीत. पेणमध्ये कोणी विषय काढला तर म्हणायचे, "समाज अजून तयार नव्हता." म्हणजे चूक समाजाची.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघणार असं कळलं तेव्हा बाबांनी मला सांगितलं, "तुज्या सरांकरं जा. त्यांना म्हनावा, खुंट उपटलं ता लिवलांव, मंग खांड परली ता पन लिवा. दुसऱ्या कोनाच्या गावान वाचतील नि उपटतील."

मी पेणला गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं. या वेळी डोळे उघडे ठेवून, हातात पेन्सिल घेऊन. बाबा देवळासमोर काय बोलले, खुंट परत कसा रोवला, खांड कशी पडली, सगळं विचारून टिपलं. मला वाटलं, चला, माणूस उशिरा का होईना शुद्धीवर आला. निघताना म्हणाले, "बाई, साहित्य म्हणजे पंचनामा नव्हे. पण तुमच्या वडिलांमुळे माझ्या पुस्तकाला जीव येईल. त्यात विरोध नव्हता, हीच त्याची उणीव होती." वहिनी आतून म्हणाल्या, "बुडालं तर बुडालं म्हणावं की एकदा." सरांनी ते ऐकलं नाही.

पुस्तक टपालाने आलं, आत सरांची झोकदार सही. मी शाळेतच बसून वाचलं. खांड नव्हती. एक नवं पात्र मात्र होतं. धर्मा नावाचा म्हातारा शेतकरी, हट्टी, संशयी, "खेकडा भाषण ऐकणार नाही" म्हणणारा. बाबांचं वाक्य शुद्ध करून घेतलं होतं. हा धर्मा सगळे खुंट उपटल्यावरही आपला खुंट परत रोवतो. मग एका पहाटे त्याला उमज पडते. तो बांधावर येतो, स्वतःच्या हाताने आपला खुंट उपटतो आणि सगळ्या गावासमोर खाडीत फेकून देतो. आणि साम्यपुराचा बांध कधीच फुटत नाही.

बाबा रात्रपाळी करून आले होते. डोळे लाल. चपला काढतानाच विचारलं, "लिवलान काय?"

मी म्हटलं, "व्हय. लिवलंय."

ते समाधानाने झोपले. मी पुस्तक धान्याच्या डब्यामागे ठेवलं. बाबांना वाचता येत नव्हतं, म्हणून ते प्रकरण तिथे मिटलं असं मी समजले.

पुढे सात-आठ वर्षांनी रोह्यात सरांचा सत्कार ठरला. बाबा तेव्हा कंपनीतून रिटायर झाले होते. त्यांना ही बातमी पुलावर कोणीतरी सांगितली. सर त्यांचं बांधाचं प्रकरण वाचणार आहेत, हेही सांगितलं. मी म्हटलं, बाबा, उकाडा आहे, गर्दी असेल. ते म्हणाले, "येवऱ्या लोकांम्होरं खांड परली ता वाचतील. मना ऐकाचा हाय." धुतलेला पांढरा सदरा घालून तासभर आधीच जाऊन पहिल्या रांगेत बसले. मी शेजारी.

सर वाळले होते, आवाज मात्र तसाच. शाल, नारळ, भाषणं झाली आणि त्यांनी वाचायला घेतलं. बाबा पुढे वाकून ऐकत होते. देवळासमोरची सभा आली, तेव्हा त्यांनी मला कोपराने ढोसलं आणि हसले. आपलं वाक्य ओळखलं होतं त्यांनी. मग पहाट आली, धर्मा बांधावर आला, त्याने दोन्ही हातांनी खुंट धरला. बाबांचं हसू गेलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "यो कोन गो?"

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, आणि उठून सरळ स्टेजच्या पायऱ्या चढू लागले.

माइकजवळ जाऊन बाबा म्हणाले, "सर, मी नाय उपटला. मी परत रोवला व्हता."

सरांनी त्यांना लगेच ओळखलं. खुर्ची मागे सारून ते आले आणि त्यांनी बाबांना मिठीच मारली. मग लोकांकडे वळून म्हणाले, "मित्रहो, हा पाहा माझा धर्मा! पुस्तकातून उठून आलाय. आणि विनय पाहा त्याचा, अजून श्रेय घेत नाही!"

सगळा हॉल उभा राहिला. इतक्या टाळ्या मी रोह्यात कधी ऐकल्या नाहीत. सरांनी बाबांचं मनगट धरून त्यांचा हात उंच केला होता. सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते नाटक नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगते. या माणसाला खरंच वाटत होतं की असंच घडलं. बाबांचं तोंड हलत होतं. पहिल्या रांगेतून मला ओठांवरून कळत होतं, ते म्हणत होते, "खांड परली, खांड परली." टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेलं नाही.

त्यानंतर मी सरांना पुन्हा पाहिलं नाही. तो खुंट मी उपटला, हे त्या दिवशी उभं राहून सांगायला हवं होतं. उभी तर मी राहिले होतेच, सगळे राहिले म्हणून. बाबा वरून माझ्याकडे बघत होते, आणि मी टाळ्या वाजवत होते.